मानमोडी आणि खोडवा

आजारांना नावं ठेवण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. देवीला तर थेट देवीच करून टाकलं, पटकीला मरी म्हटलं, आणि १९१८ साली इन्फ्लुएन्झा आला तेव्हा त्याचं नाव ठेवलं मानमोडी. इंग्रजी नाव तोंडात बसेना म्हणून नव्हे, तर अंगाला जे झालं ते त्या एका शब्दात नेमकं बसलं म्हणून. मान मोडून टाकणारा ताप.

हा शब्द मी थोरल्या आईकडून, म्हणजे वडिलांच्या आजीकडून ऐकलाय. तिच्या बोलण्यात तो आजार म्हणून कमी आणि कॅलेंडर म्हणून जास्त यायचा. अमका मानमोडीच्या आदल्या साली जन्मला, तमकीचं लग्न मानमोडीनंतरच्या उन्हाळ्यात झालं. आणि कधीतरी, भाकरी थापता थापता, "धाकटी चुलती मानमोडीत गेली." बस्स. पुढे काही नाही. त्या वेळी ती स्वतः आठ-दहा वर्षांची असेल. तिलाही ताप आला होता, ती वाचली. वाचलेल्यांबद्दल सांगण्यासारखं काही असतं असं तिला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर इतिहास लिहिणाऱ्यांनाही वाटलं नाही.

थोडा भूगोल सांगतो, बाहेरच्या वाचकांसाठी. आमचा शिरोळ तालुका म्हणजे कृष्णा आणि पंचगंगेच्या मधली नि आजूबाजूची काळीभोर जमीन. नृसिंहवाडीला संगम. १९१८ मध्ये शिरोळ कोल्हापूर संस्थानात, शाहू महाराजांच्या राज्यात. हाकेच्या अंतरावरचं कुरुंदवाड पटवर्धनांचं, नदीपलीकडची मिरजही पटवर्धनांची पण गादी वेगळी. माणसाला हद्दी होत्या, तापाला नव्हत्या. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ पासून धावत होती आणि मिरज हे जंक्शन. मुंबईत त्या वर्षी जूनमध्ये गोदीवरचे पोलीस शिपाई आजारी पडले, ती पहिली लाट तशी सौम्यच गेली. दुसरी सप्टेंबरात आली. ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आगेमागे, तिने दख्खन झोडपून काढलं. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग झालं होतं. मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल होतं, म्हणजे नदी ओलांडली की डॉक्टर होता. पण डॉक्टर तरी काय करणार? आजार कशाने होतो हेच जगात कुणाला ठाऊक नव्हतं. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला १९३३ साली, लंडनमध्ये.

कागद काय सांगतात? फार थोडं. त्या काळी खेड्यातल्या मृत्यूची नोंद गावकामगार करत, आणि कारणाच्या खान्यात बहुतेक वेळा एकच शब्द पडे, ताप. हिवतापही ताप, विषमज्वरही ताप, मानमोडीही ताप. साठ लाख गेले असा सरकारचा पहिला अंदाज होता. पुढच्या अभ्यासकांनी देशभराचा आकडा सव्वा कोटी ते पावणेदोन कोटीपर्यंत नेला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा कमी भरली, हे जनगणनेच्या इतिहासात एकदाच घडलंय. मेलेल्यांत तरुण जास्त, आणि आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं आणि ताटात उरलेलं कोण खातं याचा विचार केला तर त्यात नवल नाही. आमची धाकटी चुलतआजी त्यातलीच एक.

हे झालं गेलेल्यांचं. उरलेल्यांची नोंद मात्र एका भलत्याच ठिकाणी झाली होती. ती वाचायला नव्वद वर्षं लागली.

२००८ साली 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा एक निबंध आला. त्यांनी १९१५ किंवा त्याआधी जन्मलेली ३२ माणसं शोधली. वयं ९१ ते १०१. त्यांचं रक्त काढून १९१८च्या विषाणूशी गाठ घालून दिली. (हा विषाणू २००५ मध्ये प्रयोगशाळेत पुन्हा उभा केला होता, अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका प्रेताच्या फुप्फुसातून मिळालेल्या अवशेषांवरून. अंगावर काटा येतो, पण खरं आहे.) त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या रक्ताने विषाणू ओळखला! काहींच्या रक्तात तर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी अजून फिरत होत्या. माणूस लहानपणीचा ताप विसरला, पेशी विसरली नाही. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने धुमाकूळ घातला तो आठवतोय ना? शाळा बंद, तोंडाला रुमाल. जगभर तेव्हा दिसलं की म्हाताऱ्यांना तो तरुणांपेक्षा कमी होतोय. कारण हेच, त्याच्या दूरच्या भावकीशी त्यांची जुनी ओळख होती.

आता मी हे सगळं का उकरतोय? आमच्या अक्कासाठी.

अक्का म्हणजे माझी आतेबहीण, शिरोळलाच दिलेली. मे २०२१ मध्ये तिला कोरोना झाला, अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. घरी आली तेव्हा दारात ओवाळलं, पेढे वाटले. जुलैत महापूर आला, तेव्हा तिने जनावरांसकट घर हलवलं आणि मग जी बसली ती बसलीच. जिना चढला की धाप. दुपारी अंग गळून जायचं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. सासूबाई वाईट नाहीत हो, पण त्यांचं एकच पालुपद, "आता बरी झालीस न्हवं? मग?" ती 'मग?' अक्काला तापापेक्षा जड गेली. जागतिक आरोग्य संघटनेने या लांबलेल्या दुखण्याची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये केली, पण ती शिरोळच्या स्वयंपाकघरापर्यंत कोण आणणार?

तर मंडळी, विशेषतः आमची घरची मंडळी, पुढचा भाग जरा नीट वाचा.

वर सांगितली ती स्मरणशक्ती म्हणजे शरीराच्या शिकलेल्या शिपायांची. एका शत्रूची एक पेशी, असा तो मामला. पण रक्तात दुसरे शिपाईही असतात, जे दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. त्यातल्या एकाचं नाव मोनोसाइट. हे अडाणी, यांना आठवण नसते, असं डॉक्टर अनेक दशकं शिकवत आले. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या मिहाई नेटिया यांनी त्याला छेद देणारी 'शिकवलेली प्रतिकारशक्ती' ही कल्पना मांडली. बीसीजीची लस टोचलेल्यांचे हे शिपाई पुढे भलत्याच जंतूंवरही जास्त जोराने धावतात, असं दिसत होतं.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने गंभीर कोरोनातून उठलेल्यांच्या रक्तात हेच शोधलं. त्यांना दिसलं की मोनोसाइटमधल्या जनुकांचं वागणं आजारानंतर वर्षापर्यंत बदललेलं आहे. जनुकं तीच, त्यातलं अक्षरही हललेलं नाही. पण पोथी तीच असली तरी कुठलं पान उघडं आणि कुठलं बासनात घट्ट बांधलेलं, यावर वाचन ठरतं. सूज आणणारी, जाळपोळ करणारी पानं उघडी राहिली होती.

इथे कुणीही विचारेल, आणि मीही विचारलं, की मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगतो. मग वर्षभराने सापडलेला मोनोसाइट आजाराच्या वेळी जन्मलाही नव्हता. त्याला कुणी सांगितलं?

याचं उत्तर आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजेल. ऊस तोडून कारखान्याला गेला तरी खोडकी जमिनीत राहतात, त्यांतून खोडवा फुटतो. ऊस नवा, बुडखा जुना. पुराचं पाणी आठ-दहा दिवस रानात तुंबून राहिलं तर त्या सालचा ऊस जातोच, पण पुढचा खोडवाही विरळ येतो, पिवळा पडतो. त्या फुटव्याने पूर पाहिलेलाही नसतो. २००५, २०१९, २०२१, तीन पूर बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तसंच इथे. मोनोसाइट हाडांतल्या मज्जेत तयार होतात, तिथल्या मूळ पेशींपासून. खूण त्या मूळ पेशींवर उमटली होती. नवे शिपाई जन्मतानाच तापलेले येत होते.

हे घडवण्यात इंटरल्यूकिन-६ नावाच्या निरोप्याचा मोठा हात असावा असं त्या गटाला आढळलं. २०२१ मध्ये टोसिलिझुमॅब इंजेक्शनसाठी लोक व्हॉट्सअपवर याचना करत होते, ते याच निरोप्याचं दार बंद करतं. आजारात लवकर ते मिळालेल्यांमध्ये ह्या खुणा कमी होत्या.

पण लगेच अक्काच्या धापेचं कारण सापडलं म्हणून नाचू नका. या खुणा आणि दमणं यांचा थेट धागा अजून सिद्ध झालेला नाही, आणि सगळ्या खुणा वाईटच असतात असंही नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात सौम्य कोरोना होऊन गेलेल्या पुरुषांच्या अंगात फ्लूची लस इतरांपेक्षा चांगली लागू पडलेली दिसली. मला एवढंच म्हणायचंय की 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'शरीर होतं तिथे परत गेलं' असा होत नाही. नेहमीच्या तपासणीत पांढऱ्या पेशी मोजतात, त्यांच्या बासनात डोकावत नाहीत.

सासूबाईंना मी खोडव्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मानमोडीतनं उठलेली आमची आत्तीबी जन्मभर दमायची. आम्ही आळशी म्हणायचो."

ही आत्ती कुठल्याच कागदात नाही. म्हणून एक विनंती. शिरोळ, कुरुंदवाड, मिरज या पट्ट्यातल्या कुणाच्या घरी १९१८-१९च्या सुमाराची वही, पत्रं, वंशावळ असेल, किंवा आजी-पणजीच्या तोंडून मानमोडीतून *उठलेल्या* माणसांबद्दल काही ऐकलेलं असेल, तर मला कळवा. गेलेल्यांची नावं नंतर बघू. आधी उठलेल्यांचं सांगा, ती पुढे कशी राहिली, कामाला कधी लागली, की लागलीच नाहीत. मोडीतलं असेल तरी चालेल, माझा एक मित्र वाचून देतो.