कुत्र्याची छत्री आणि बेडकाचे काळीज

पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या भूछत्रांना आपण कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो आणि त्यांच्या वाटेला जात नाही. ते शहाणपणाचेच आहे. पण अशाच एका विषारी छत्रीने वैद्यकशास्त्राला मोठा धडा दिला. त्याची ही हकीकत.

युरोपच्या रानात तांबड्या टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची एक छत्री उगवते. तिचे तुकडे दुधात टाकून लोक माश्या मारीत. लॅटिन भाषेत माशी म्हणजे ‘मुस्का’. त्यावरून छत्रीचे नाव पडले, आणि तिच्यातल्या विषाला ‘मस्करीन’ म्हणू लागले. १८६९ साली डोर्पाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू गावी, श्मीडेबर्ग आणि कोप्पे या दोघांनी या विषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेडकाच्या काळजाला त्यांनी मस्करीन दिले. ठोके मंदावले, काळीज थांबले. मग ॲट्रोपिन दिले, आणि थांबलेले काळीज पुन्हा चालू लागले! हे ॲट्रोपिन आपल्या धोतऱ्यातही असते बरे का.

मेंदूकडून काळजाकडे जाणारा एक मज्जातंतू विजेने चेतवला, तरी ठोके असेच मंदावतात. विष जणू मज्जातंतूचे सोंग घेते. मग मज्जातंतू स्वतःच एखादा रस सोडत असेल काय?

याचे उत्तर श्मीडेबर्गचा विद्यार्थी ओटो लोवी याने १९२१ साली ऑस्ट्रियात दिले. एका बेडकाच्या काळजाचा मज्जातंतू त्याने चेतवला, आणि त्या काळजातले पाणी दुसऱ्या काळजाला दिले. तेही मंदावले. निरोप रसातूनच गेला होता! तो रस ॲसिटिलकोलीन. त्याचे मस्करीनशी असलेले साम्य इंग्लंडच्या हेन्री डेलने १९१४ सालीच दाखविले होते. १९३६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले.

गंमत अशी की, त्या तांबड्या छत्रीत मस्करीन फारच थोडे असते. तिची बाधा मुख्यतः दुसऱ्याच विषांनी होते. मस्करीन भरपूर असते ते काही साध्या, मळकट छत्र्यांत. तेव्हा रंगावरून विष ओळखू जाल तर फसाल.

छत्री खाल्ल्यावर दरदरून घाम, लाळ, डोळ्यांना पाणी, मंद नाडी अशी लक्षणे दिसली तर रोग्याला लगेच इस्पितळात न्या. उरलेली छत्रीही बरोबर घ्या. धोतऱ्याचा पाला वाटून देऊ नका. त्यात ॲट्रोपिन किती, हे पाल्यावर लिहिलेले नसते. आणि यकृत नासवणाऱ्या छत्र्यांवर तर त्याचा काहीच इलाज चालत नाही. एका विषावर दुसरे विष मोजून द्यायचे असते, आणि ते माप वैद्याच्याच हाती शोभते.