संधिसाधू सूक्ष्मजंतू

संधिसाधू सूक्ष्मजंतू : मनुष्याच्या त्वचेवर तसेच मुख, नाक, घसा, आतडी इ. भागांत कायम वस्ती करणारे, एरवी निरुपद्रवी किंवा उपकारकही असणारे. परंतु स्थान, परिस्थिती अथवा स्वतःचे गुणधर्म बदलल्यास रोग निर्माण करणारे सूक्ष्मजंतू. सु. ७० किग्रॅ. वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सु. ३८ लाख कोटी सूक्ष्मजंतू असतात, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात) असतात. के जीवनसत्त्वाची निर्मिती, न पचलेल्या तंतुमय पदार्थांचे विघटन आणि बाहेरून येणाऱ्या रोगकारक जंतूंना अटकाव ही त्यांची उपयुक्त कार्ये होत.

इतिहास : दातांवरील किटणात हालचाल करणारे सूक्ष्म जीव असल्याचे डच संशोधक आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये नोंदविले, तथापि त्यांचा रोगाशी संबंध जोडला गेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लूई पाश्चर व रॉबर्ट कॉख यांच्या कार्यामुळे विशिष्ट रोग विशिष्ट जंतूमुळे होतो, हा सिद्धांत प्रस्थापित झाला. रोगकारक जंतू रोग्याच्या शरीरात आढळावा, निरोगी शरीरात आढळू नये, अशी त्यातील एक अपेक्षा होती.

या अपेक्षेला प्रारंभीच बाधा आली. १८८१ मध्ये अमेरिकन लष्करी वैद्य जॉर्ज मिलर स्टर्नबर्ग यांनी स्वतःची लाळ सशांना टोचली असता ते मरण पावले. स्टर्नबर्ग स्वतः मात्र पूर्णपणे निरोगी होते. त्याच सुमारास पाश्चर यांनाही लाळेत तोच जंतू आढळला. फुप्फुसशोथाचे (फुप्फुसाच्या दाहयुक्त सुजेचे) एक प्रमुख कारण असलेला हा गोलाणू होता, हे पुढे स्पष्ट झाले. फ्रीड्रिख लफ्लर यांना १८८४ मध्ये घटसर्पाचा दंडाणू एका निरोगी मुलाच्या घशात आढळला. जंतूचे अस्तित्व आणि रोग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून सूचित झाले.

म्यूनिक येथील बालरोगतज्ञ टेओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतील जंतूंचे वर्णन केले. जन्मतःच्या पहिल्या विष्ठेत जंतू नसतात व थोड्याच काळात ते आतड्यात वस्ती करतात, असे त्यांनी दाखविले. यांतील एका दंडाणूस पुढे त्यांच्याच नावावरून एश्चेरिकिया कोलाय हे नाव मिळाले. हा आतड्याचा स्वाभाविक रहिवासी होय. परंतु १८९४ मध्ये एशेरिख यांनीच तो मुलांच्या मूत्राशयशोथास कारणीभूत होतो, असे प्रतिपादन केले.

स्थानांतर : निरुपद्रवी जंतू उपद्रवी होण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे त्याने आपली जागा सोडणे. मूत्रमार्गाच्या संक्रामणांपैकी बहुसंख्य एश्चेरिकिया कोलायमुळेच होतात. आंत्रपुच्छ फुटल्यास बृहदांत्रातील जंतू उदरगुहेत शिरून पर्युदरशोथ (उदराच्या अस्तराची दाहयुक्त सूज) उत्पन्न करतात. तेथे होणाऱ्या विद्रधीत (पूयुक्त गळवात) बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा ऑक्सिजनविरहित स्थितीत वाढणारा जंतू वारंवार सापडतो; आतड्यात मात्र त्याचे प्रमाण अल्प असते. त्याच्या भोवतीचे शर्करायुक्त आवरण विद्रधी होण्यास मदत करते, असे प्रयोगांवरून दिसून आले आहे.

मुखातील स्ट्रेप्टोकॉकस व्हिरिडान्स गटातील गोलाणूंचे उदाहरणही बोधप्रद आहे. हृदयाच्या झडपा आधीच विकृत असल्यास हे जंतू तेथे चिकटून वाढतात व हृदंतःस्तरशोथ होतो. लंडन येथील ओकेल व एलियट यांनी १९३५ मध्ये दात काढल्यानंतर लगेच घेतलेल्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रक्तात जंतू आढळले. निरोगी व्यक्तीच्या रक्तातून ते थोड्याच वेळात नाहीसे होतात. विकृत झडप असलेल्यास मात्र ते घातक ठरू शकतात. पेनिसिलिनापूर्वी हा विकार जवळजवळ निश्चितपणे मारक होता. ऱ्हुमॅटिक तापामुळे झडपा विकृत झालेले रुग्ण भारतात बरेच असल्याने मुखारोग्याचे महत्त्व येथे विशेष आहे.

संतुलनाचा भंग : १९५४ मध्ये बॉनहॉफ, ड्रेक व मिलर यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिनाची एकच मात्रा दिली. सामान्य उंदरास संक्रामण होण्यास सु. १ लाख साल्मोनेला जंतू लागत. या उंदरांना मात्र १० हून कमी पुरेसे झाले. आतड्यातील मूळ वस्ती हीच एक संरक्षक तटबंदी असते आणि प्रतिजैव पदार्थांमुळे ती ढासळते, हे यातून उघड झाले [⟶ प्रतिजैव पदार्थ].

याचे मानवी प्रत्यंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (२०१६ पासून क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल) या जंतूत मिळते. हॉल व ओटूल यांनी १९३५ मध्ये तो निरोगी नवजात अर्भकांच्या विष्ठेतून वेगळा केला. त्याचे जंतुविष गिनीपिगांना मारक होते. परंतु अर्भके निरोगी असल्याने तो सु. चार दशके दुर्लक्षित राहिला. १९७४ मध्ये अमेरिकेतील सेंट लूइस येथे क्लिंडामायसिन दिलेल्या २०० रुग्णांपैकी २१ टक्क्यांना अतिसार झाला व १० टक्क्यांच्या बृहदांत्रात कूटपटल (खोटा पापुद्रा) आढळले. या विकाराचे कारण हाच जंतू होय, हे १९७८ पर्यंत सिद्ध झाले. काहींच्या आतड्यात तो आधीपासून असतो, तर काहींना रुग्णालयातील बीजुकांपासून मिळतो. स्वाभाविक जंतू पित्तातील अम्लांचे रूपांतर करून त्याची वाढ रोखतात. औषधाने ते नष्ट झाले की, त्यास मोकळे रान मिळते. रोगोपचारानेच रोग उद्भवावा, हा या घटनेतील गंभीर भाग होय. उपचारार्थ निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याची पद्धत १९५८ मध्ये डेन्व्हर येथे चार रुग्णांवर वापरली गेली होती. २०१३ मध्ये नेदर्लंड्समधील चाचणीत तिच्या पहिल्याच वापराने १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन दिलेल्या १३ पैकी ४ बरे झाले.

आनुवंशिक बदल : काही वेळा जंतूच स्वतः पालटतो. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये निरुपद्रवी फुप्फुसशोथ गोलाणू मारून टाकलेल्या घातक गोलाणूंच्या सान्निध्यात घातक बनतात, असे दाखविले. व्ही. जे. फ्रीमन यांनी १९५१ मध्ये सूक्ष्मजंतुभक्षी व्हायरसाच्या संसर्गाने घटसर्पाच्या निर्विष दंडाणूस जंतुविष निर्माण करण्याची क्षमता येते, हे सिद्ध केले. अशाच व्हायरसाद्वारे विषाचे जनुक मिळालेला एश्चेरिकिया कोलायचा ओ १५७ : एच ७ हा प्रकार १९८२ मध्ये अमेरिकेत रक्तमिश्रित अतिसाराच्या साथींतून प्रथम ओळखला गेला. २०११ मध्ये जर्मनीत ओ १०४ : एच ४ या दुसऱ्या प्रकाराच्या साथीत सु. ३,८०० व्यक्तींना बाधा होऊन ५० हून अधिक मृत्यू पावल्या.

प्रतिकारक्षमतेचा ऱ्हास व वैद्यकीय साधने : सु. ३० टक्के निरोगी व्यक्तींच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. रक्तात हा जंतू पसरलेल्या रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांत नाकातील व रक्तातील जंतू एकाच वाणाचे असल्याचे २००१ मध्ये जर्मनीत आढळले. त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस दीर्घकाळ निरुपद्रवी मानला जाई. शिरेतील नलिका, कृत्रिम झडपा व कृत्रिम सांधे यांचा वापर वाढल्यावर तो त्यांच्या पृष्ठावर चिकट पटल तयार करून राहतो व तेथे औषधांना सहसा दाद देत नाही, हे लक्षात आले. कर्करोगावरील औषधे, अवयवरोपणानंतर दिली जाणारी प्रतिरक्षादमनकारी औषधे, मधुमेह, कुपोषण व एड्स यांमुळेही अशा जंतूंना संधी मिळते.

प्रतिबंध : प्रतिजैव पदार्थांचा आवश्यक तेवढाच वापर, नलिका गरज संपताच काढणे, हातांची स्वच्छता व मुखाची निगा हे मुख्य उपाय होत. क्लॉ. डिफिसिलची बीजुके अल्कोहॉलयुक्त द्रवाने नष्ट होत नसल्याने अशा रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांनी हात साबण व पाण्याने धुणे आवश्यक असते.