एका तारेवरचे दोन मोडेम
भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकरला काय किंवा घाटाखालच्या खामगाव-मलकापूरला काय, घरगुती इंटरनेटची पहिली वाट दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेचीच होती. डायल-अप मोडेम बोलण्याच्याच ध्वनिपट्ट्यात, सुमारे ४ किलोहर्ट्‌झच्या आत, काम करी. वेग फार तर सेकंदाला ५६ किलोबिट. जोडणी चालू असेपर्यंत फोन व्यस्त.

२००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडसाठी किमान २५६ किलोबिटची अट घातली आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली. तिचे संदेश त्याच तारेवरून, पण बोलण्यापेक्षा वरच्या कंपनसंख्यांवर जात. स्प्लिटर नावाची छोटी डबी दोन्ही वेगळे करी. खरी गंमत इथेच आहे: डबीच्या फोनच्या बाजूला जुना मोडेम लावला, तर ब्रॉडबँड चालू असतानाच फॅक्स पाठवता येई. एक्स्चेंजमधले ब्रॉडबँडचे यंत्र बंद पडले, तर डायल-अप कामी येई. खोदकामात केबलच तुटली, तर मात्र दोन्ही ठप्प. एक्स्चेंजपासून पाचेक किलोमीटरपलीकडच्या वस्त्यांना ब्रॉडबँड नीट मिळत नसे. तिथे डायल-अपच उरे.