कूपेचे धनी

जर्मनीत गाडी विकली की तिचा कागदही नव्या मालकाच्या हाती जातो. २००५ पासूनच्या कागदावर जेमतेम दोन मालकांची नावं मावतात. त्याआधीच्या कागदावर मात्र एकामागून एक धनी ओळीने नोंदलेले असत. स्टुटगार्टमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांनी तो जुना कागद जपलाय. पहिला मालक आल्बच्या डोंगराकडचा कापडगिरणीवाला, मग त्याची विधवा, मग एक दंतवैद्य आणि शेवटी आजोबा.

गाडी आहे मर्सिडीज २२० एसई कूपे, म्हणजे दोन दारांची. फेब्रुवारी १९६१ मध्ये, तिच्या निर्मात्या डाइम्लर-बेंझच्या उंटरट्युर्कहाइममधल्या नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला तिला पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. मोटारगाडीची पंचाहत्तरी होती ती. तिच्याच घराण्यातल्या चार दारांच्या सेडानला मागे अमेरिकी धाटणीचे उभे पंख होते. पॉल ब्राक या फ्रेंच आरेखकाचा हात लागलेल्या कूपेत ते जवळजवळ विरून गेले. काचा खाली केल्या की दाराच्या मागे खांबच उरत नाही, सगळी बाजू मोकळी! डाइम्लर-बेंझने याहून देखणी चारआसनी गाडी केली नाही, असं मला मनापासून वाटतं.

माझे काका जमशेदपूरला टाटांच्या टेल्को कंपनीत होते. कंपनीची धुरा सुमंत मुळगावकरांकडे होती तो काळ. १९५४ पासून पंधरा वर्षं टेल्कोचे ट्रक डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने बनत आणि पुढच्या जाळीवर त्यांची चांदणी असे. काका ऐन विशीत प्रशिक्षणासाठी इकडे जर्मनीत आले होते. झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातली एक गोष्ट ते आम्हा पोरांना कितीदा तरी सांगत. या कूपेचे पुढचे मडगार्ड अंगाला वेल्डिंगने जोडलेले. तो सांधा दिसू नये म्हणून कारागीर तिथे शिसं-कथील ज्योतीवर मऊ करून लाकडी पट्टीने लिंपायचे, मग कानशीने घासायचे. डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचे. हाताला सांधा लागला की पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या आजोबांनी आपली गाडी दुरुस्तीसाठी उघडली तेव्हा रंगाखाली उजव्या मडगार्डाच्या सांध्यात तेच शिसं-कथील निघालं. डावीकडे मात्र नुसती पुट्टी. कागदावर नसलेला अपघात असा पत्र्याने सांगितला. आजोबांना मग आठवलं, व्यवहाराच्या वेळी दंतवैद्याची बायको म्हणाली होती, बर्फात एकदा घसरलो होतो. तेव्हा त्यांनी ते कानाआड केलं होतं.

पुट्टीत काम स्वस्तात झालं असतं. आजोबांनी ऐकलं नाही. शिशाचं काम येणारा एक निवृत्त कारागीर शोधला आणि डावा सांधा उजव्यासारखा करून घेतला. मला हा हट्ट फार मोलाचा वाटतो. मालकांची नावं कागदावर राहतात, करणाऱ्यांचं काही राहत असेल तर ते याच सांध्यांत.

फोनवर काकांना सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "अगं, पट्टीला मेण लावलं होतं ना त्याने? नाहीतर कथील पट्टीलाच चिकटतं."

"लावलं होतं, काका. मी उभी होते तिथे."

"मग टिकेल," ते म्हणाले.