जकातमाफीचें ऋण

परदेशांतून येणाऱ्या मालावर जकात बसविणें हा राज्यसत्तेचा जुना अधिकार होय. आणि लोकहितासाठीं ती सोडून देणें हा त्याच अधिकाराचा दुसरा भाग होय. भारतांत सन १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या २५ व्या कलमानें ही सत्ता मध्यवर्ती सरकारास दिलेली आहे. परंतु माफ झालेला पैसा नाहींसा होत नाहीं. तो खजिन्याऐवजीं माफी घेणाराच्या पदरीं राहतो. मग त्याच्या मोबदल्यांत जनतेस काय मिळावयाचें? रुग्णालयांच्या यंत्रांवरून जे खटले झाले, त्यांच्या मुळाशीं हाच प्रश्न होता.

१ मार्च १९८८ रोजीं सरकारनें ६४ क्रमांकाची अधिसूचना काढून रुग्णालयांच्या उपकरणांवरील जकात माफ केली. तिच्या एका वर्गांतील रुग्णालयांस घातलेल्या अटी स्पष्ट होत्या. जात, पंथ, वंश, धर्म अथवा भाषा यांचा भेद न करितां उपचार करावे. बाह्यरुग्णांपैकीं सरासरीनें निदान शेंकडा ४० जणांस ते विनामूल्य द्यावे. दरमहा ५०० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील आंतररुग्णांकडून कांहींच घेऊं नये, व त्यांच्याकरितां निदान शेंकडा १० खाटा राखून ठेवाव्या. इतरांस वाजवी आकार लावावा. यंत्र बंदरांतून सुटलें, पण अटी मागें राहिल्या, असें पुढें कित्येक ठिकाणीं घडलें.

१९९४ सालीं ती अधिसूचना रद्द झाली. मग अट केवळ यंत्र सोडवून घेतांना पाळावयाची, कीं पुढेंही? १९९६ च्या डिसेंबरांत मेडिवेल हॉस्पिटलच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं ही जबाबदारी अखंड चालणारी आहे. शिवाय संस्थेनें किती रोगी तपासले व त्यांत निर्धन किती, याचा तपशील दरमहा स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावा, असेंही त्यानें सांगितलें. १९९७ मध्यें फरीदाबादच्या एका सी. टी. स्कॅन केंद्रास त्याच न्यायालयानें बजावलें कीं, इतरांस चुकीनें सवलत मिळाली म्हणून समतेच्या नांवाखालीं आपणांसही ती मागतां येत नाहीं.

पुढील वाद वसुलीचा होता. २००१ सालीं जगदीश कॅन्सर अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यांत असें ठरलें कीं, अट मोडल्यामुळें जप्त झालेलें यंत्र दंड भरून सोडविणारास जकातही भरावी लागते. ती १२५ व्या कलमाखालीं येत असल्यामुळें नेहमींच्या वसुलीच्या २८ व्या कलमाचा अडसर तिला नाहीं. तथापि कायदा एकांगी नव्हे. २००७ मध्यें शेअर मेडिकल केअरच्या प्रकरणीं न्यायालयानें म्हटलें कीं, आरंभीं एखादी सवलत मागितली नाहीं, एवढ्यावरून ती पुढें मागण्याचा हक्क बुडत नाहीं.

ह्या चारही खटल्यांत एका बाजूस संस्था व दुसऱ्या बाजूस सरकार होतें. ज्याच्यासाठीं जकात सोडली, तो निर्धन रोगी कोठेंच पक्षकार नव्हता. आपल्या नांवानें कोणी माफी घेतली आहे, हेंही त्यास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. म्हणूनच वृत्तपत्रांतील त्या मासिक हिशेबाचें महत्त्व: ऋण कोणाचें आहे, हें धनकोस कळल्यावांचून तें फिटावयाचें कसें?