डेकखालचा उजेड : शिंपला, काच आणि ॲक्रिलिक

#थ्रेड

१/ नांदेडला गोदावरीच्या पात्रात होडी दिसते. पण ती उघडी असते, तिला डेक नसतो. लातूरहून तर समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही जहाजाच्या पोटात उजेड कसा पोहोचला, हा इतिहास मराठवाड्याला अगदीच परका नाही.

२/ लातूरलगतच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचे कापड गाड्यांवर लादून बॅरिगाझा, म्हणजेच भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. तेथून पुढे सागरी व्यापार चाले.

३/ कापडाला अंधार चालतो, माणसाला नाही. डेक सलग ठेवला तर खाली काळोख. भोक पाडले तर पाणी आत. दिवा लावला तर लाकूड, दोर आणि डांबर यांच्यामध्ये आगीची धास्ती. उजेड हवा, पण पाणी आणि ज्वाला नको, हा दर्यावर्दींपुढचा जुना पेच होता.

४/ जमिनीवर हाच प्रश्न सौम्य होता. गोव्यातील जुन्या घरांत ‘प्लॅक्युना प्लॅसेंटा’ या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याचे चौकोनी तुकडे खिडकीच्या लाकडी चौकटीत बसवले जात. ऊन गाळून दुधाळ प्रकाश आत येई. मात्र लाटा आणि माणसांची पावले झेलणाऱ्या डेकला हा नाजूक शिंपला पुरणारा नव्हता.

५/ तेथे जाड काच आली. १८०७ मध्ये इंग्लंडमधील काच-कारखानदार ॲप्स्ली पेलट यांनी जहाजात प्रकाश घेणाऱ्या काचेचे पेटंट घेतले. पुढे डेकच्या फळ्यांत लोलक बसवले जाऊ लागले : वरचा भाग सपाट, खालचा निमुळता. वरून पडलेला उजेड खाली चहूकडे पसरे. पण काच जड, आणि फुटली की धारदार.

६/ १९३३ मध्ये जर्मनीत ओटो र्‍योम यांच्या कंपनीने ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवले. हेच ॲक्रिलिक. काचेच्या जवळपास निम्म्या वजनाचे. दुसऱ्या महायुद्धात ते लढाऊ विमानांच्या छतांना लागले. वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले त्याचे तुकडे डोळा सहन करतो, हे पाहून हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाला ॲक्रिलिकचे भिंग बसवले. युद्धानंतर नौकांच्या डेकवरील झडपांतही हेच साहित्य रुळले.

७/ पण ॲक्रिलिकही म्हातारे होते. ऊन, ताण आणि चुकीची द्रावणे यांमुळे त्यात केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. उजेड मंदावतो, हा लहान तोटा. बळ घटते, हा मोठा. त्या झडपेवर खलाशी पाय देतात आणि वादळात तिच्यावर लाट कोसळते.

८/ म्हणून पत्रा बदलावा लागतो. जुना काढायचा, चौकट खरवडून स्वच्छ करायची, तितक्याच जाडीचा नवा कापायचा. मेख मापात आहे. ३० अंश तापमानवाढीत अर्धा मीटर रुंद ॲक्रिलिक सुमारे १ मिलिमीटर वाढते. ॲल्युमिनियमची चौकट त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी. म्हणून कडेला फट सोडून ती लवचीक सीलंटने भरतात. घट्ट ठोकून बसवलेला पत्रा स्वतःच्याच ताणाने तडकतो.

९/ याचे मोल ‘म्हादेई’सारख्या नौकेवर कळते. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१७-१८ मध्ये तिच्याच भगिनी-नौकेने, ‘तारिणी’ने, सहा महिला अधिकाऱ्यांना जगाभोवती नेऊन सुखरूप परत आणले. दक्षिण महासागरात, किनाऱ्यापासून हजारो मैलांवर, गळणारी झडप म्हणजे भिजलेली यंत्रणा, ओली अंथरुणे आणि थंडीने गारठलेला माणूस.

१०/ इतिहास जहाज बांधणाऱ्यांची आणि ते हाकणाऱ्यांची नावे जपतो. जुना पत्रा वेळीच ओळखून बदलणाऱ्याचे नाव कुठेच नसते. पण प्रवास पूर्ण होतो तो या तिघांमुळे. पुढच्या वेळी एखादे जुने जहाज, किल्ला वा वाडा पाहाल, तेव्हा ‘हे कोणी बांधले?’ यासोबत ‘हे इतकी वर्षे कोणी टिकवले?’ हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या मागे अर्धा इतिहास उभा असतो.

(समाप्त)