ग्रामपंचायतीच्या उंबऱ्यापर्यंत

महाराष्ट्रात खेडी संगणकाच्या जाळ्यात आणण्याचा पहिला मोठा प्रयोग उसाच्या पट्ट्यात झाला. पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कार्यदलाच्या पुढाकाराने १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आखला गेला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्यात होती. खर्चाचा निम्मा भाग केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि उरलेले १० टक्के वारणा सहकारी समूहाने उचलायचे ठरले. हा दहावा हिस्साच मोलाचा होता. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराची गावोगावची घडी त्यामागे तयार होती.

गावातल्या केंद्रावर उसाच्या लागणीची नोंद होई, तोडणीची परवानगी मिळे, वजन आणि बिलाचा हिशेब कळे. शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी सेवा असे मोठे बेतही होते. पण काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा वापर मुख्यतः उसाच्या हिशेबापुरताच उरलेला दिसला. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत तीच कामे संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिली आणि ती कमी खर्चात झाली. तरीही वारणेला फसलेला प्रयोग म्हणणे अन्यायाचे ठरेल. शेतकऱ्याला ज्या माहितीची खरी गरज होती, तेवढी तेथे वर्षानुवर्षे वापरली गेली.

पुढचा टप्पा देशपातळीवरचा. खेड्यांतील दूरध्वनीसाठी २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा दायित्व निधी स्थापन झाला होता. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून त्यात पैसा येई. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने याच निधीतून सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्यास मंजुरी दिली. तालुक्यापर्यंतची केबल बहुतेक ठिकाणी आधीच होती. तेथून ग्रामपंचायतीपर्यंतचा तुटक भाग जोडायचा, अशी योजना होती. प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएस वेग मिळायचा होता. योजनेचे नाव पुढे 'भारतनेट' झाले. काम ठरल्यापेक्षा बरेच लांबले आणि एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा २०१७ च्या अखेरीस पुरा झाला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने 'महानेट'च्या रूपाने काम स्वतःकडे घेतले.

मात्र केबल ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन थांबे. तेथून वाडी-पाड्यापर्यंत ती कोणी न्यायची, बिघडली तर कोणी पाहायचे, महिन्याचे पैसे कोणी गोळा करायचे, याची सोय कागदावरही पातळच होती.

या प्रश्नावर आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' गटाने आजच्या पालघर जिल्ह्यात काम केले. दूरचित्रवाणीसाठी राखीव असलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग भारतात रिकामाच असतो. या लहरी झाडी आणि चढउतार बऱ्यापैकी पार करतात, म्हणून डोंगराळ पाड्यांना त्या सोयीच्या. सुरुवातीला सात गावांत या रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट पोहोचवण्याची चाचणी झाली. पुढे परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झ पट्ट्यातून सुमारे २५ गावे जोडली गेली. सरकार, खासगी उद्योग आणि पंचायत यांनी मिळून ही सेवा चालवावी, अशी मांडणी गटाने केली. पंचायतीला नुसती लाभार्थी न मानता जबाबदार भागीदार मानणे, हा या कामातला सर्वांत दूरदृष्टीचा भाग. २०१७ मध्ये मोझिलाच्या 'इक्वल रेटिंग' स्पर्धेत या प्रकल्पाला पहिला पुरस्कार मिळाला.

ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. पूर्वीच्या रचनेत केबल एका जागी तुटली की पुढची सारी गावे बंद पडत; आता तालुका आणि पंचायती वर्तुळाकार जोडायच्या, म्हणजे दुसऱ्या बाजूने वाट उरते. पंचायतीपलीकडची गावे मागणीनुसार जोडायची आणि घरापर्यंतची जोडणी व देखभाल स्थानिक उद्योजकाकडे द्यायची. मिळकतीत त्याला वाटा.